हेड उघडल्याशिवाय नव्या इंजिनाचा ॲडव्हान्स देऊ नका

प्रश्न : आमचं नाशिकला मखमलाबाद रोडला लग्नाचं लॉन्स आहे. हिरवळ सव्वा एकर. सासऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी बंद होत असलेल्या एका रिसॉर्टकडून बसून चालवायचं गवत कापायचं मशीन घेतलं. साडेसतरा हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, 42 इंची डेक (खालचं पात्यांचं पत्र्याचं कव्हर). मीटरवर 610 तास झालेत. जूनपासून ते निळा धूर मारतंय. दोन कापण्यांत अर्धा लिटर ऑइल खातं. एअर फिल्टर काढला तर ऑइलने चिंब निघाला. स्टार्टर मारला की अर्ध्या फेऱ्यात अडकतो, म्हणून मिस्त्रींच्या सांगण्यावरून दोनदा बॅटरी बदलली. एकदा सुरू झालं की मात्र बऱ्यापैकी ओढतं, ठोक्याचा आवाज नाही. मिस्त्री म्हणतात इंजिन संपलं, मुंबईहून नवीन मागवू. बसवून 1 लाख 10 हजार आणि सहा ते आठ आठवडे. मिस्टर म्हणतात 60 हजारांचं गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू. चुलत दीर म्हणतात पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवून देतो. नवीन मशीन साडेचार लाखांच्या पुढे सांगतात. सासरे काहीच बोलत नाहीत, रोज जाऊन मशीन पुसून येतात. तुळशीच्या लग्नानंतर लगेच आमच्याकडे पहिलं लग्न आहे. हिशेब मी बघते, म्हणून निर्णय माझ्यावर आलाय. काय करू?

उत्तर : ताई, नव्या इंजिनाचा ॲडव्हान्स आत्ता देऊ नका आणि मशीन 60 हजारांना विकूही नका. आधी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून घ्या. तुम्ही लिहिलेल्या खुणा नीट जुळवून पाहिल्या तर त्या इंजिन संपल्यापेक्षा हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेल्याकडे जास्त बोट दाखवतात. गॅस्केट, व्हॉल्व्ह सेटिंग आणि मजुरी हे काम काही हजारांत उरकतं. एवढा फरक असताना न उघडता लाखाचा निर्णय घेणं मला पटत नाही.

गॅस्केटवर माझा संशय का, ते सांगते. या प्रकारच्या इंजिनात सिलिंडरच्या शेजारूनच पुशरॉडची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) पोकळी जाते आणि ती थेट खाली ऑइलच्या चेंबरला मिळते. दोहोंच्या मध्ये हेड गॅस्केटची एक अरुंद पट्टी असते. इंजिन तापलं की पहिली तीच जळते. मग जळालेल्या वायूचा दाब वर सायलेन्सरकडे जायच्या ऐवजी ऑइलच्या चेंबरमध्ये शिरतो. एरवी त्या चेंबरमध्ये ब्रीदरमुळे (चेंबरमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेमुळे) किंचित ओढ असते. आता तिथे दाब झाला, की ऑइल ब्रीदरच्या नळीतून उलटं वर चढतं, एअर फिल्टर भिजवतं, कार्ब्युरेटरमधून सिलिंडरमध्ये जातं आणि निळा धूर होऊन बाहेर पडतं. तुमचा फिल्टर चिंब आहे, ही यातली सगळ्यात बोलकी खूण. पिस्टनच्या रिंगा झिजल्यावरही धूर येतो, फिल्टरही थोडा ओला होतो, पण ते हळूहळू वर्षभर वाढत जातं. तुमचं जूनपासून एकदम सुरू झालं.

दुसरी खूण स्टार्टरची. अर्ध्या फेऱ्यात अडकणं हे बॅटरीचं दुखणं असतं तर नव्या बॅटरीने थांबलं असतं. इंजिन सोपं फिरावं म्हणून यांच्या कॅमशाफ्टवर एक छोटा उंचवटा असतो. स्टार्ट करताना तो एक व्हॉल्व्ह जरासा उघडा ठेवतो आणि थोडं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, सोडून देतो. व्हॉल्व्हची फट वाढली, की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशनशी झुंजावं लागतं. म्हणजे तुमच्या इंजिनात स्टार्टर अडवण्याइतकं कॉम्प्रेशन अजून आहे. रिंगा पार गेलेल्या इंजिनात हे सहसा दिसत नाही. तेव्हा व्हॉल्व्ह सेटिंग करून घ्यायचंच आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अशा इंजिनांत ते पिस्टन अगदी टॉपला ठेवून करत नाहीत. टॉपवरून पाव इंच खाली आल्यावर, इंजिन थंड असताना, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) करतात. ट्रॅक्टरच्या सवयीने टॉपला केलं तर माप चुकतं आणि स्टार्टर पुन्हा अडकतो.

हेड खोलण्याआधी दोन साध्या गोष्टी घरीच बघा. मशीन सपाट फरशीवर लावून, इंजिन थंड असताना, डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर असेल, पातळ झालं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्ब्युरेटरची सुई गळतेय आणि रात्रभर पेट्रोल खाली उतरतंय. तसं असेल तर इंजिन अजिबात सुरू करू नका. सुई बदलायची, ऑइल-फिल्टर बदलायचा, आणि टाकीच्या नळीत एक कॉक बसवून घ्यायचा. निव्वळ ऑइल जास्त भरल्यानेही असाच धूर होतो. ऑइल खातंय म्हणून कोणी दर वेळी अंदाजाने ओततंय का, हे घरात विचारा.

मग हवेची चाचणी. मिस्त्री कॉम्प्रेशन गेज लावून आकडा दाखवतील आणि म्हणतील, बघा, कॉम्प्रेशनच नाही. पण तो आकडा या इंजिनात फसवा असतो. स्टार्टरच्या वेगाला कॉम्प्रेशन मुद्दाम सोडलं जातं, हे वर आलंच. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्यायची. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून त्यात हवेचा निपल ब्रेझ केला की काम भागतं, द्राक्षावर औषध फवारायच्या ब्लोअरची इंजिनं बघणारे मिस्त्री हे पाच मिनिटांत करून देतात. हवा 40 पौंडांच्या आतच ठेवा. हवेच्या जोराने इंजिन फिरू शकतं, म्हणून पात्याचा पट्टा आधी उतरवायचा आणि डेकखाली कोणाचाही हात नको. मग कान द्यायचा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा किंवा हेच गॅस्केट. रिंगा की गॅस्केट, हे कानाला कळत नाही. त्यासाठीच हेड उघडायचं.

हेड उघडताना तुम्ही स्वतः तिथे उभ्या राहा. काम येतं की नाही याचा प्रश्न नाही, पैसे तुम्ही देणार आहात म्हणून बघायचं. गॅस्केट उचलल्यावर पुशरॉडच्या बाजूची पट्टी काळी पडून तुटलेली दिसली, तर गुन्हेगार सापडला. मग सिलिंडरच्या आत टॉर्च मारा. भिंतीवर तिरप्या रेघांची बारीक जाळी अजून दिसत असेल तर छान. उभे ओरखडे असतील आणि नखाला अडकत असतील, तर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गेला. शेवटी एक लोहचुंबक आत लावून बघा. चिकटला तर बिडाची स्लीव्ह (आतली नळी) आहे, होनिंग करून (भिंत बारीक घासून) नव्या रिंगा टाकता येतील, आणि त्या मॉडेलला ओव्हरसाइज पिस्टन मिळत असेल तर बोअरिंगही. ते काम करणारे सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहेतच. चिकटला नाही तर बोअर ॲल्युमिनिअमचा. खोल ओरखडे पडलेल्या ॲल्युमिनिअमच्या बोअरवर पैसे घालू नका. ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर पसरा. चांदीसारखी चमचम दिसली तर कनेक्टिंग रॉड किंवा क्रँक झिजतोय, मग गॅस्केट बदलूनही काही महिन्यांतच पुन्हा रडगाणं.

तर, गॅस्केट जळालेलं आणि बोअर स्वच्छ, असं निघालं तर गॅस्केट टाका, हेड सपाट आहे का ते काचेवर घासून किंवा लेथवर बघून घ्या, बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळून घ्या. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा त्याच जागी फुटतं. 610 तास म्हणजे या इंजिनाचं म्हातारपण नव्हे. निगा राखली तर हजार तासांपर्यंत गेलेली अशी इंजिनं असतात.

आता वाईट निघालं असं धरू. बोअर गेला, किंवा ऑइलमध्ये धातू आहे. तरी 1 लाख 10 हजारांना लगेच हो म्हणू नका, कारण मग इंजिन बाजूला राहतं आणि उरलेलं मशीन त्या लायकीचं आहे का, हा प्रश्न येतो. त्याची परीक्षा अजून कोणी घेतलेली दिसत नाही. तासभर गवत कापून मशीन तापवा आणि मग चढावर न्या. तुमच्या पार्किंगचा उतार चालेल. थंड असताना नीट चढणारं मशीन तापल्यावर रेंगाळत असेल, तर हायड्रोस्टॅटिक गिअर (ऑइलच्या दाबावर चाकं फिरवणारा) शेवटाला आलाय. तो नवा घ्यायचा तर इंजिनाइतकाच खड्डा पाडतो. डेक खालून खरवडून स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. पावसाळ्यात ओलं गवत चिकटून राहतं आणि पत्रा आतून खातं. टोक आरपार गेलं तर डेक गेला. पाती हाताने हलवून स्पिंडलचे (पाती ज्यावर फिरतात त्या दांड्याचे) बेअरिंग बघा, पुढचा ॲक्सल बघा. बेअरिंग, पट्टे, टायर ही किरकोळ कामं आहेत, त्यांनी घाबरू नका. गिअर आणि डेक मात्र दोन्ही ठणठणीत असतील तरच नव्या इंजिनाला होकार. गिअर रेंगाळत असेल तर मी इंजिनात एक रुपयाही घालणार नाही. अशा वेळी मिस्टरांचं म्हणणं बरोबर ठरतं, फक्त गिऱ्हाइकाला धूर आणि गिअर दोन्ही सांगून विका.

चुलत दिरांना प्रेमाने नाही म्हणा. पाण्याच्या पंपाच्या इंजिनाचा शाफ्ट आडवा असतो, तुमच्या मशीनला उभा शाफ्ट लागतो. आडवं इंजिन उभं करून बसवलं तर त्यातलं ऑइल पोचायला हवं तिथे पोचत नाही आणि ते जॅम होतं. शिवाय खाली फिरतात ती पाती. पुली, क्लच आणि सीटखालचा सेफ्टी स्विच यांत जुगाड केलेल्या मशीनवर तुमचा माणूस बसणार आणि आजूबाजूला मांडववाल्यांची पोरं असणार. हा धोका घेऊ नका.

नवं इंजिन घ्यायचंच ठरलं तर हॉर्सपॉवर सारखा आहे एवढ्यावर विसंबू नका. जुन्या इंजिनावर कोरलेले आकडे उतरवून घ्या. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं असेल तर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे असतात. मॉडेलचे पहिले एक-दोन अंक इंजिनाचा आकार घनइंचात सांगतात, म्हणजे 31 असेल तर सुमारे 500 सीसी. कोडचे पहिले दोन अंक म्हणजे बनवल्याचं वर्ष, पुढचे दोन महिना. 100413 असेल तर एप्रिल 2010. रिसॉर्टवाल्यांनी सांगितलेलं वय खरं होतं का, तेही यातून कळेल. शाफ्टची जाडी अशा मशीनला बहुधा 1 इंच असते, पण लांबीत फरक पडतो आणि तिथेच लोक फसतात. शाफ्ट आखूड निघाला तर पात्यांचा इलेक्ट्रिक क्लच बसत नाही. शाफ्टची लांबी, चावीचा गाळा, खालच्या टोकाच्या बोल्टचा आटा, बसवायची चार भोकं, सायलेन्सरची बाजू आणि चार्जिंगच्या वायरचा सॉकेट, एवढं सगळं पुरवठादाराकडून बिलाआधी लेखी घ्या. आणि मिस्त्रींना शॉर्ट ब्लॉकबद्दल विचारा. त्यात क्रँक, पिस्टन आणि खालचा ब्लॉक नवा येतो. तुमचा स्टार्टर, कार्ब्युरेटर, कॉइल जुनेच वापरता येतात. तुमच्या मॉडेलला मिळाला तर खर्च बराच उतरतो.

एक गोष्ट मात्र गॅस्केट बदला की इंजिन, टाळता येणार नाही, आणि या पत्रातली ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गॅस्केट जळलं ते उष्णतेने. हे इंजिन हवेने गार होतं. वरचा पत्र्याचा पंखा-कव्हर काढलात तर खाली सिलिंडरच्या पाकळ्या दिसतील, आणि मी पैज लावून सांगते, त्या पाकळ्यांमध्ये वाळलेल्या गवताची आणि मुरमाच्या धुळीची विटेसारखी घट्ट वडी बसलेली असेल. लॉन्सवाल्यांकडे हे हमखास होतं, कारण हिरवळीला लागूनच मुरमाचं पार्किंग असतं. फेब्रुवारी ते मे गाड्यांनी उडवलेली धूळ, त्यावर पावसाळ्यातलं ओलं गवत. सासरे रोज मशीन पुसतात ते बाहेरून. त्यांना हे कव्हर काढून द्या, पाकळ्या साफ करण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. ज्या हाताला मशीनची माया आहे, त्याच हाताने हे काम नीट होईल, आणि गप्प बसलेला माणूस बोलायलाही लागेल. दर 25 तासांनी एअर फिल्टर, दर 50 तासांनी ऑइल. नाशिकच्या उन्हाळ्याला एसएई 30 ऑइल भरा. 10डब्ल्यू-30 सारखं मल्टिग्रेड अशा उन्हात जास्त खर्च होतं.

पेट्रोलचंही बघा. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि अशा छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत साधारण 10 टक्क्यांपर्यंतचीच परवानगी लिहिलेली असते. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, पावसाळ्यात तर फारच. म्हणून कॅन भरून महिनाभर ठेवू नका, लागेल तेवढंच आणा. मशीन दोन-तीन आठवडे उभं राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. नवं इंजिन घेतलंत तर 20 टक्के इथेनॉलवर वॉरंटी चालते का, हेही लेखी विचारा.

वेळेचं गणित तुमच्या बाजूने आहे, पण आळस केला तर जाईल. भाद्रपद लागलाय, तुळशीच्या लग्नाला सव्वादोन-अडीच महिने आहेत. हेड याच आठवड्यात उघडा. इंजिन मागवावं लागलंच तर आठ आठवडे धरून ते वेळेत येईल. पितृपक्षात नवी खरेदी नको, असं घरात कोणी म्हणणार असेल तर ऑर्डर त्याआधी द्यावी लागेल, तेव्हा हे दिवस वाया घालवू नका. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी लग्न अडत नाही. 42 इंची मशीन तासाला साधारण एक एकर कापतं. ढकलायचं 21 इंची मशीन घेतलं तर सव्वा एकराला चारेक तास लागतील. दमवणारं काम आहे, पण एक माणूस सकाळी लागला तर दुपारपर्यंत उरकतो. असं मशीन भाड्याने किंवा कोणा लॉन्सवाल्याकडून दोन दिवस मागून आणता येईल. तेव्हा पहिल्या लग्नाच्या धाकाने कोणी तुमच्याकडून घाईत चेक लिहून घेणार असेल, तर लिहू नका.

आताच्या मिस्त्रींना तोडू नका, त्यांच्याकडूनच हेड उघडून घ्या. फक्त कामाआधी मजुरी ठरवा आणि निघालेलं जुनं गॅस्केट मागून घ्या. ते नको म्हणाले, किंवा उघडण्यात अर्थ नाही असंच धरून बसले, तर ब्लोअरच्या इंजिनांवर काम करणारा दुसरा मिस्त्री पिंपळगाव बसवंतच्या बाजूला शोधा. हेड निघालं की गॅस्केटचा आणि बोअरचा फोटो, चुंबक चिकटला का ते, आणि चढावर मशीन कसं गेलं, एवढं मला कळवा. इंजिनाची ऑर्डर द्यायची वेळ आलीच, तर ते तीन आकडे आणि शाफ्टची मापंही सोबत पाठवा, पुरवठादाराच्या कागदाशी आपण ताडून बघू.